काकाजींनी उसवलेली सीट

आधी काकाजींचं सांगतो. नागपुरात मी टिकलो तो त्यांच्यामुळे. ते सोडून गाडीचंच सांगत बसलो तर बरं दिसणार नाही.

काकाजी आमच्या गॅरेजच्या पुढच्या छपरीत गाड्यांच्या सीटा शिवायचे. मूळचे उमरेडकडचे, विणकराच्या घरचे. मागावर घर चालेना तेव्हा शिलाई मशीन घेऊन सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत येऊन बसले. बोलणं कमी. मी साताऱ्याकडचा, सातवीत शाळा सुटलेला, ठिकठिकाणी कामं करत नागपूरला येऊन पडलेला. गॅरेजातच झोपायचो. गॅरेज मिस्त्रींचं; त्यांनी काढलं तर जायचं कुठे, हा विचार डोक्यातून कधी गेला नाही. हातातून पाना पडला तरी आधी मिस्त्रींकडे बघायचो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका ठेकेदारांनी जुनी अमेरिकन गाडी घेतली होती. आठ सिलिंडरचं इंजिन, पाय दाबला की माणूस सीटला चिकटायचा. क्लच नाही, गिअर आपोआप पडायचे. गिअरची दांडी स्टिअरिंगजवळ होती आणि झिजून इतकी ढिली झाली होती की ती कुठल्या जागी आहे ते हाताला कळायचं नाही. ठेकेदारांना ती काढून खाली, दोन सीटांच्या मधे, चांगली घट्ट दांडी हवी होती. मिस्त्रींनी मुंबईच्या भंगारातून तशी एक मिळवली. पुढची सलग लांब सीट कापून काकाजींनी तिच्या दोन केल्या. दांडी बसवायचं काम मिस्त्रींनी माझ्यावर सोपवलं. एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

फरशीला भोक पाडलं, दांडी बोल्टांनी आवळली, तिथून गिअरबॉक्सपर्यंत एक लांब सळी नेली. दांडी पुढे, मागे, मधे, सगळीकडे खटकन बसायला लागली. मिस्त्रींनी स्वतः चक्कर मारली, खूश झाले, आणि दुपारी गाडी घेऊन जा म्हणून ठेकेदारांना निरोप धाडला.

एक गोष्ट मात्र कोणी पाहिलीच नाही. या गाडीच्या दांडीला गिअरांसोबत पार्किंगची एक वेगळी जागा होती. दांडी तिथे ठेवली की आत एक दाता अडकतो आणि गाडी हलत नाही. आम्ही सगळे क्लचच्या गाड्यांवर वाढलेलो. उतारावर गाडी लावायची तर पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि चाकामागे दगड. त्यामुळे ती जागा तपासायची असते हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्या दुपारी मिस्त्री जेवायला घरी गेले होते. मी मागची काच पुसत होतो. जोर द्यायला जरा टेकलो तर गाडी पुढे सरकली. आत वाकून पाहिलं, हँडब्रेक ओढलेला नव्हता, पण दांडी पार्किंगमध्ये होती. गाडीखाली शिरलो. सळी मधेच लवत होती आणि तेवढ्यानं आतला दाता अडकत नव्हता. ठेकेदारांचं घर टेकडीच्या उतारावर. गाडी दारात उभी राहणार, आणि त्यांची नातवंडं तिच्या आसपासच खेळायची. ती द्यायची नव्हती हे मला कळत होतं. पण मिस्त्रींनी शब्द दिला होता, आणि तो मोडायला मी कोण?

गॅरेजात दुसरं कोणी नव्हतं म्हणून काकाजींना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, गाडी उभी राहत नाही का? नाही, म्हटलं. तेवढ्यात बाहेर पानठेल्यावर मिस्त्रींचा आणि ठेकेदारांचा आवाज आला. काकाजी पातं घेऊन गाडीत शिरले आणि ड्रायव्हरच्या सीटची शिवण त्यांनी वरपासून खालपर्यंत उसवली. स्वतः घातलेली, पक्की, दुहेरी शिवण.

ठेकेदारांनी दार उघडलं आणि आतला काथ्या पाहिला.

"काहून गा, हे काय करून राहिला?"

"गाडीचं सारं झालं साहेब. माह्यंच राहिलं. शिवण कच्ची निघाली."

"धोतराचं सूत वापरलं काय सीटले?"

ठेकेदारांबरोबर आलेली माणसं हसली. काकाजी खाली मान घालून म्हणाले, "वापरलं असन. म्हातारा झालो आता."

मिस्त्री काकाजींना बरंच बोलले, माझ्यादेखत. ठेकेदार चिडून रिक्षानं परत गेले. मिस्त्री हातगाडीवर चहा प्यायला निघून गेले तसे काकाजी माझ्याकडे वळले.

"आता माह्या तोंडाकडं काय पाहून राहिला? मले शिवाले संध्याकाळ लागन. तेवढ्यात तुह्यं कर."

मी सळी काढून तिच्या जागी जाड पाइप बसवला. दिवेलागणीच्या आत मिस्त्रींना सगळं खरं सांगितलं. मग त्यांनीच गाडी टेकडीच्या उतारावर नेली, दांडी पार्किंगमध्ये टाकली, हँडब्रेक सोडला आणि मागून खांदा लावला. गाडी हलली नाही. मला कामावरून काढायचं मिस्त्री बोललेच नाहीत. ठेकेदारांनाही सांगू या, असं मी म्हटलं तर काकाजींनीच अडवलं. त्याले गाडी पाहिजे होती, भेटली, म्हणाले.

पण त्या ठेकेदारांचे ट्रक होते, जीप होती. त्यांच्या सीटा, हुड, सगळं काम काकाजींकडे यायचं, ते त्यानंतर दुसरीकडे गेलं. गल्लीत काकाजी दिसले की ठेकेदार चार माणसांत सुताची चौकशी करायचे, आणि काकाजी ऐकून घ्यायचे. मी शेजारीच उभा असायचो.

या गोष्टीला आता आठ-दहा वर्षं झाली. काकाजी अजून शिवतात. हल्ली डोळ्यांना कमी दिसतं, दोरा ओवायला मला हाक मारतात. एखाद्या दिवशी त्यांचं काम खरंच चुकेल आणि गिऱ्हाईक दारात उभं असेल. त्या दिवशी मी माझं पुरं झालेलं काम खोलून ठेवीन आणि बोलणी खाईन. हे माझं त्यांना देणं आहे, आणि ते मी फेडणार.