सुईणमावशींची पहिली सही

सुईणमावशींच्या नावावर उभ्या जन्मात एकच जमीन आली आणि तीही त्यांनी देऊन टाकली. नवऱ्यामागे राहिलेला रस्त्याकडेचा तुकडा. पोटी मूल नाही, पण अर्ध्या गावाची पोरं त्यांच्या हातांवर जन्मलेली. दानपत्रात त्यांनी बजावून लिहून घेतलं: इथे गरीब बायकांसाठी प्रसूतिगृह, दुसरं काही नाही. संस्था निघाली. चार विश्वस्त आणि पाचव्या मावशी. चौघांनाही जन्मल्याबरोबर मावशींनीच पाय धरून, उलटं टांगून रडवलेलं. अशांवर अविश्वास धरायचा तरी कसा?

बैठक अध्यक्षांच्या कापडदुकानात, गिऱ्हाइकं सांभाळत. रिवाज असा, की वहीच्या कोऱ्या पानाखाली आधी सह्या, मग चहा, आणि वरचा ठराव चिटणीस सवडीने घरी लिहिणार. जमीन मावशींची, म्हणून पहिल्या सहीचा मान त्यांचा. एकवीस वर्षं त्यांनी तो ऐटीत मिरवला. प्रसूतिगृहाची एक वीटही रचली गेली नाही.

मग कळलं, संस्था जमीन बिल्डरला विकतेय. परवानगीचा अर्ज धर्मादाय कार्यालयात गेलाय. मावशींनी हरकत घेतली. सुनावणीला गुडघे धरत तीन जिने चढल्या. साहेब भला माणूस. त्याने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि वही त्यांच्यापुढे फिरवली. प्रसूतिगृहाची आता गरज उरली नाही, सबब जमीन विकावी, असा ठराव.

"ही पहिली सही तुमची?"

"माझीच."

"मग हरकत कोणावर घेताय, आजी?"

पान कोरं होतं, असं मावशींनी सांगितलं. हे आणखी कोणी सांगेल का, साहेबाने विचारलं. मावशींनी मागे वळून पाहिलं. चिटणीस पेनाचं टोपण काढत-घालत बसलेला, दोघांना छतावरचा पंखा एकाएकी फार आवडलेला, आणि अध्यक्ष हात जोडून म्हणाले की मावशींचं वय झालंय, विसरतात. परवानगी मिळाली.

बस निघून गेली होती. अध्यक्षांनी गाडीचं दार उघडलं. गुडघ्यांना कुठला आलाय स्वाभिमान? मावशी बसल्या. जागेपाशी गाडी हळू झाली. आत माणसं फीत धरून मापं घेत होती.

"नव्या इमारतीवर तुमच्या नावाची पाटी लावू, मावशी. देणगीदार म्हणून."

"नको रे. लोकांना वाटेल, मीच विकली."

बरं, म्हणाले अध्यक्ष, आणि गाडी पुढे घेतली.