आत ओढणारी गळती

पन्नाशी जवळ आल्यावर मी गाडी शिकायला घेतली, आणि ती माझ्या हातून प्रत्येक चौकात बंद पडायची. पळत असताना ठीक. थांबले रे थांबले, की इंजिन एकदा अंग झटकायचं आणि गप्प. मागून टेम्पोवाल्यांचे हॉर्न सुरू. शेजारी बसलेले आमचे हे खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "तुज्या पायात क्लच बसला नाय अजून." त्यांच्या हातून गाडी कधीच बंद पडत नसे, त्यामुळे मला बोलायला जागाच नव्हती.

बोईसरच्या मेकॅनिकने प्लग बदलले, कार्बन साफ केला आणि माझ्याकडे न बघता यांना सांगितलं, "भाभीजी को बोलो, थोडा रेस दिया करें." त्यानंतर मी गाडीबद्दल तोंड उघडलं, की यांचं ठरलेलं: नाचता येईना अंगण वाकडं.

माझं माहेर मुरब्याचं. आई तिथे एकटी असते. मनात आलं की उठावं आणि तिच्याकडे जावं, कुणाच्या सुट्टीची वाट बघू नये, एवढ्यासाठी मी शिकत होते. पण एका रविवारी पुलाच्या तोंडाशी गाडी पुन्हा बंद पडली, लोक थांबून बघायला लागले, आणि घरी येऊन मी जाहीर केलं की आता पुरे, मी चालवणार नाही. बोलताना रडू आलं. ते मी चिरत असलेल्या कांद्यावर ढकललं.

यांना कांदा पटला नसावा. चहा झाल्यावर हे मगात भांड्यांचा साबण कालवत बसले. उभी हयात हे तारापूरच्या एका केमिकल कंपनीत पाइपलाइनी सांभाळत आलेत. तिथे गळतीचा संशय आला की सांध्याला साबणाचा फेस लावायचा, फुगा धरला की गळती तिथेच. इथे सरावली गावात आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराचा गॅस सिलिंडर यांनी असाच तपासलेला आहे. "एकदा बघून घेऊ," म्हणाले, "मग तुजी तू मोकळी."

बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं. ते थरथरत का होईना, चालू राहिलं. वायरी सांभाळून यांनी रंगाच्या ब्रशने एकेक रबरी पाइप फेसाने माखला, आणि चष्मा कपाळावर चढवून फुगे शोधायला लागले. एकही फुगा नाही. "गळती नाय," त्यांनी निकाल दिला.

मी टॉर्च धरून उभी होते. फुग्यांचं मला काही कळत नव्हतं, पण सगळीकडे फेस होता आणि मागच्या बाजूच्या एका पाइपच्या वळणावर मात्र नव्हता.

"अहो, इथला फेस कुठे गेला?"

"सुकला असंल."

"एवढ्यात?"

त्यांनी पुन्हा ब्रश फिरवला. आमच्या डोळ्यांदेखत फेस रबरात शिरला, आणि तेवढ्यापुरतं इंजिन थरथरायचं थांबलं. मग पुन्हा सुरू. हे ब्रश धरून तसेच उभे राहिले. "आत वडतंय," हळूच म्हणाले. कंपनीत आतलं बाहेर यायचं, म्हणून हे जन्मभर बाहेर येणारंच शोधत आले. इंजिन मात्र हवा आत ओढतं, आणि पाइपच्या वळणावर पडलेल्या चिरेतून नको तेवढी हवा आत जात होती. गाडी उभी असली की ती जास्तच बाधते, पळताना जाणवत नाही.

"मग माज्याकडनं का नाय बंद पडत?"

मलाही तेच जाणून घ्यायचं होतं. त्यांना चालवायला बसवलं आणि चौकापर्यंत नेलं. गाडी थांबवून यांनी हँडब्रेक ओढला, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या पायाकडे बघितलं. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर हलकेच टेकलेला. गाडी बिचकते म्हणून कधीतरी पाय तिथे गेला असेल आणि तिथेच राहिला असेल, त्यांनाही पत्ता नव्हता.

"पाय उचला."

उचलला. गाडी थरथरली आणि बंद पडली. मागच्या टेम्पोने हॉर्न दिला. अंगण खरंच वाकडं होतं! मला इतका आनंद झाला की नवऱ्याची फजिती बघून एवढं खूश होणं बरं नव्हे, असंही वाटून गेलं. पण झाला.

दुसऱ्या दिवशी नवा पाइप आला, यांनी तो दोन्ही टोकांना क्लिपा आवळून बसवला. इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं. पुढच्या सुट्टीला मी गाडी मुरब्याला नेली, हे मागे बसले, आणि गावात शिरताना वेशीवर वाट बघत उभ्या असलेल्या आईला पुढे घेतलं. सुकत घातलेल्या मासळीच्या बाजूने चढ चढताना गाडी गचका खाऊन बंद पडली.

"काय झाला गो?" आईने विचारलं.

मागे दरवाजा उघडल्याचा आवाज आला. हे बॉनेटकडे निघाले होते, हातरुमाल काढून, चेहरा कसनुसा करून.

"बसा हो," मी म्हणाले. "गाडी चांगली आहे. क्लच मी लवकर सोडला."

आणि किल्ली फिरवली.