सात्यांची भाजी पुण्याला पोचली तेव्हा

साड्यांना फॉल लावण्यात माझी निम्मी जिंदगी गेली. लिहिणं म्हणाल तर वाण्याची यादी, तेवढंच. त्यामुळे सून जेव्हा म्हणाली की एक वेबसाइट खाण्यापिण्यावर लेख मागून राहिली, छापला तर पैसेही देते, तेव्हा मी हसलेच.

"मी सातवी शिकलेली बाई. माझं कोण वाचते?"

"आई, तुम्ही बोलता तसंच लिहा ना. बोलताना तुम्हाले आजवर कोणी थांबवू शकलं का?"

टोमणाच होता, पण मला लागला नाही. दुपारी मशीन बंद करून मी लाखोरीच्या डाळीच्या वड्यांवर लिहिलं, तिनं ते फोनवर टाइप करून पाठवलं, आणि छापूनही आलं. तेव्हाची भीती साधी होती. मोहाडीच्या बाजारात कोणी म्हणेल, पहा, लेखिकाबाई भाजी घेऊन राहिली. पण कोणी काही म्हटलं नाही. उलट वेबसाइटच्या संपादकबाईंचा फोन आला. आवाजावरून पोरगीच वाटली. "काकू, आता रानातलं काहीतरी लिहा. लोकांना तेच हवंय."

मग मी सात्यांवर लिहिलं. सात्या म्हणजे श्रावणात वारुळावर उगवणाऱ्या छत्र्या, शहरातल्या मशरूमच्या रानातल्या बहिणी. माझं माहेर बपेऱ्याकडचं, तिकडे सात्या निघाल्या की मटणाची आठवण येत नाही. माती जाईस्तोवर कशा धुवायच्या, त्यांना सुटलेल्या पाण्यातच कशा शिजवायच्या, लसूण किती ठेचायचा, सगळं मन लावून लिहिलं. सकाळी लेख छापून आला. दुपारी सून मला खालचे अभिप्राय वाचून दाखवत होती आणि मी फुगून बसले होते. तेवढ्यात तिनं पुण्याच्या एका बाईचा वाचला: "आमच्या सोसायटीच्या बागेत अगदी अशाच उगवल्यात, पांढऱ्याशुभ्र. संध्याकाळी करते. मुलं खूश होतील."

माझ्या हातातली सुई खाली पडली.

आता तुम्हाला सांगते. आमच्याकडे सात्या एकटीनं कोणी शिजवत नाही. रानातून टोपली आणली की आधी शेजारणीच्या दारात ठेवायची. ती एकेक उलटी करून पाहते, देठ पाहते, वास घेते, कोणत्या वारुळावरच्या म्हणून विचारते. तिनं "चढव" म्हटलं की मगच चुलीवर. तिला एका छत्रीचाही संशय आला तर अख्खी टोपली उकिरड्यावर, त्यात रुसवा नाही. विषारी कोणती हे आम्ही पोरींना वेगळं शिकवत नाही. दारोदारी टोपली नेता नेताच ते कळत जातं. मी भाजी लिहीत होते. टोपली शेजारी नेणं हा भाजीचाच भाग आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"लिही तिले, लवकर लिही, खाऊ नको म्हणा!"

सुनेनं लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. मी संपादकबाईंना फोन लावला.

"काकू, लेख मस्त चाललाय!"

"अवं बाई, लोक मरतीन ना!"

ती म्हणाली, लेखाच्या वर लगेच मोठ्या अक्षरात इशारा टाकते. पण त्या बाईचा नंबर तिच्याजवळ नव्हता.

ऊन उतरलं. पुण्यात लोक किती वाजता जेवतात, हे मला कुठं माहीत? नवऱ्याला सांगितलं तर म्हणाले, "पुण्याच्या बाईले एवढी अक्कल असनच."

"अन् नसन तर?"

त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला आणि शेजारी येऊन बसले. आमच्या चुलीवर काही चढलं नाही. मला ती मुलं दिसत होती. न पाहिलेली मुलं हो, पण दिसत होती. धाकटा नाक मुरडतो आणि आई म्हणते, एक घास तर खा. शिवायला घेतलं, तर सुईत दोरा जाईना. लिहिण्याचं खूळ डोक्यात कायले घेतलं, म्हणून स्वतःला बोल लावला. सुनेलाही बोलले. ती बिचारी फोन धरून उंबऱ्यावर बसली होती.

दिवेलागण झाली आणि फोन वाजला. सुनेनं मोठ्यानं वाचलं: "काकू, चिरून ठेवल्या होत्या, कढई तापत होती. तुमचा मेसेज पाहून सगळ्या टाकून दिल्या. पण मुलं भुकेली आहेत आणि रुसलीत. आता काय करू?"

रडू आलं की हसू, ते सुनेलाच विचारा.

"तिले विचार, बेसन आहे का घरात?"

होतं.

"मग पाटोडी कर म्हणा. पण थांब. पहिले ती सुरी धुवायले सांग. पाट धू, कढई धू, हात साबणानं धू. ज्या पिशवीत आणल्या ती फेकून दे. पोरांनी कच्च्या तर चाखल्या नाहीत ना, ते विचार. बेसन चाळून घे म्हणा. पाणी आधी उकळू दे, मग थोडं थोडं बेसन टाक, नाहीतर गोळे होतीन..."

"आई, एवढं सगळं लिहू?"

"सगळं लिही."