खुर्चीचा नियम

माझी खुर्ची उचलून नेली तेव्हा माझ्यासमोर ग्राहक बसला होता.

दोघं जण आले. म्हणाले, "मॅडम, उठिए." मी उठले. त्यांनी खुर्ची उचलली आणि मागच्या स्टोअरमध्ये नेऊन ठेवली. मी उभ्याउभ्याच त्या माणसाला ब्रेक पॅड का बदलायचे ते समजावू लागले. तो मधेच म्हणाला, "आप बैठ जाइए ना." मी म्हटलं, "नहीं सर, ऐसे ही ठीक है." त्यानं आजूबाजूच्या टेबलांकडे पाहिलं. तिथं सगळ्यांना खुर्च्या होत्या. मग तो मान खाली घालून माझं ऐकत राहिला. लाज त्याला वाटत होती. खोटं कशाला बोलू, मलाही वाटत होती.

नोएडातल्या एका मोठ्या कार डीलरच्या वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे. गाडी आली की तक्रार ऐकायची, खर्च सांगायचा, काम करून घ्यायचं, संध्याकाळी धुऊनपुसून गाडी ताब्यात द्यायची. पगार अर्धाच पक्का. उरलेला इन्सेंटिव्ह. तो दोन गोष्टींवर ठरतो. एक म्हणजे वरची कामं किती विकली. इंजिनची सफाई, एसीची सफाई, कसलंसं कोटिंग. गाडीला गरज असो वा नसो. दुसरी म्हणजे ग्राहकाला नंतर फोन जातो, त्यात तो दहापैकी किती गुण देतो. विकलं तर ग्राहक चिडतो, गुण जातात. नाही विकलं तर साहेब चिडतात. कुठूनही धरा, मान आमचीच.

आणि दहा म्हणजे पास, नऊ म्हणजे नापास. मधलं काही नाही. म्हणून गाडीची किल्ली देताना आम्ही हात जोडायचो. "सर, फोन आएगा, प्लीज दस बोल दीजिएगा." शिकलेसवरलेले आम्ही, गळ्यात ओळखपत्र घालून दहा गुण मागत उभे राहायचो. वर आमच्या जनरल मॅनेजरचा नियम. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, त्याची खुर्ची पुढचा महिनाभर काढून घ्यायची. साहेब त्याला मोटिवेशन म्हणायचे.

माझी खुर्ची एका सरदारजींनी घालवली. म्हातारे, अतिशय प्रेमळ. हिवाळ्यात माझ्यासाठी घरचे पिन्नीचे लाडू आणायचे. त्यांची, मुलाची, जावयाची, सगळ्यांच्या गाड्या माझ्याकडेच. त्यांना फोन आला आणि त्यांनी नऊ दिले. मोठ्या खुशीत मला सांगितलं, "बेटा, नौ दिए हैं! पूरे नंबर तो सिर्फ़ रब के होते हैं." मुलाला आणि जावयालाही त्यांनी नऊच द्यायला सांगून ठेवलं होतं. त्या माणसाला मी काय बोलणार? थँक यू अंकलजी म्हणाले. पुढच्या एक तारखेपासून उभी.

घरी सांगितलं नाही. कारण बाबा. बाबा दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयात शिपाई होते. साहेबाच्या दाराबाहेर एक स्टूल, त्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. घंटी वाजली की उठायचं. आता निवृत्त होऊन बाल्कनीत प्लास्टिकच्या निळ्या खुर्चीत पेपर वाचत बसतात, पण दाराची बेल वाजली की अजूनही ताडकन उठतात. मला पहाडगंजच्या मराठी शाळेत घातलं तेव्हा म्हणाले होते, "पोरी, तू खुर्चीवर बसायचं." मग त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? पाय सुजायचे. मेट्रोत जागा मिळाली नाही म्हणायचे.

माझा महिना संपला, माझी खुर्ची परत आली आणि सतपालजींची गेली. सतपालजी आमच्यातले सगळ्यांत जुने. गुडघे कामातून गेलेले. टेबलाला टेकून उभे राहायचे, साहेब दिसले की सरळ व्हायचे.

त्याच सुमारास पगाराचा नवा प्लान करायला एक कन्सल्टंट आला. पुण्याचा. मी फोनवर आईशी बोलत होते, ते ऐकून स्वतःहून जवळ आला. "अरे वा, मराठी का तुम्ही? या, बसा ना! मूळच्या कुठल्या?" मी म्हटलं, "दिल्लीचीच." आम्ही घराबाहेर पडलो की दिवसभर हिंदी. कोणी असं मोकळं मराठीत बोललं की बरं वाटतं. मलाही वाटलं. पगाराचा प्लान करताना अ‍ॅडव्हायझरांपैकी कोणीतरी हवंच, ते तुम्हीच, असं म्हणाला. मग त्यानं विचारलं, "आडनाव काय?"

मी सांगितलं.

"अच्छा," तो म्हणाला. "मग सरकारी नोकरीत का नाही गेलात? तुम्हाला तर सोपं असतं."

आणि त्यानंतर तो माझ्याशी हिंदीत बोलू लागला. एकदाही मराठीत नाही. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. नुसती भाषा काढून घेतली. खुर्ची काढून घेतात तशी. फरक इतकाच की खुर्ची महिन्यानं परत मिळते.

पुढचे काही दिवस मी त्याच्या बैठकीला बसले. म्हटलं, निदान आमचं म्हणणं कानावर घालू. मी सांगितलं, पक्का पगार वाढवा. गाडीला नको ते विकायला लावू नका. नऊला नापास म्हणू नका. आणि खुर्चीचा नियम काढा. तो लॅपटॉपवर टाइप करत राहिला. नवा प्लान आला तेव्हा त्यात पक्का पगार आणखी कमी झाला होता. खुर्ची आता एकाची नाही, शेवटच्या तिघांची जाणार होती. वर लिहिलं होतं की हा प्लान अ‍ॅडव्हायझरांच्या सूचनांवरून बनवला आहे.

"अनाउंस आप करेंगी," तो म्हणाला. "आपके लोग आपकी बात मान लेंगे. टीम लीडर बना देंगे आपको. फिर आपकी कुर्सी परमानेंट."

मोह झाला का? झाला. घरी जाऊन बाबांना सांगावंसं वाटलं, पक्की खुर्ची मिळाली. पण ती सतपालजींच्या गुडघ्यांवर उभी असती. बाबांच्या साहेबाचीही तशीच होती. आणि मला एकदम भयंकर राग आला. इतके दिवस कुठं होता कुणास ठाऊक.

सोमवारी सकाळची मीटिंग. सगळे बसलेले, सतपालजी भिंतीला टेकून. साहेबांनी माझं नाव घेतलं. मी उठले, माझी खुर्ची सरकवत सतपालजींकडे नेली. "बैठिए." ते बसले नाहीत. साहेबांकडे पाहत राहिले. मी खुर्ची तिथंच ठेवली.

मग मी म्हणाले, "ये प्लान मैंने नहीं बनाया. इसमें मेरी एक भी बात नहीं है."

कन्सल्टंट उठला. "मॅडम, आप समझ नहीं रही हैं..."

मी म्हटलं, "मराठीत बोला. माझं आडनाव ऐकायच्या आधी बोलत होतात ना, तसं बोला."

खोलीत दुसऱ्या कोणाला मराठी कळत नव्हतं. त्याला कळलं. तो लाल झाला आणि खाली बसला. साहेब ओरडले, "नौकरी करनी है या नेतागिरी?" मी म्हटलं, "बैठ के नौकरी करनी है."

सतपालजी शेवटपर्यंत बसले नाहीत. संध्याकाळी माझ्याकडे न बघता निघून गेले. मला वाईट वाटलं, पण त्यांच्यावर राग नाही. उभं राहायची सवय एका सकाळीत सुटत नाही.

माझी खुर्ची दुपारीच गेली होती. घरी आले आणि या वेळी बाबांना सगळं सांगितलं. ते उठले. बाल्कनीत गेले, ती निळी खुर्ची ओल्या फडक्यानं पुसली आणि दारापाशी आणून ठेवली. म्हणाले, "ही घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी ती मी रिक्षात घालून नेली. गेटवरचा गार्ड हसला. आत जाऊन मी ती माझ्या टेबलाशी ठेवली आणि बसले. साहेब आले. सगळे उठले. मी उठले नाही.

आता नोटीस आली आहे. नोकरी बहुतेक जाईल. तोवर मी हात जोडत नाही. किल्ली देताना म्हणते, "फोन आएगा. जो ठीक लगे, बोल दीजिए." पगाराचा प्लान करायचा असेल तर आमच्यासमोर करा, आम्ही सगळे बसलेले असताना करा. आणि ही निळी खुर्ची उचलायची असेल तर ती कंपनीची नाही, माझ्या बापाची आहे. आधी मला उचलावं लागेल.