अध्यक्षांचं बीपी

ऐंशीच्या दशकात मुलुंडला माझा दवाखाना होता. आमच्या गल्लीत अध्यक्ष म्हटलं की एकच गृहस्थ: सोसायटीचे, गणेशोत्सवाचे आणि रक्तदान शिबिराचेही, जिथे त्यांनी स्वतः रक्त दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. नवरात्रात ते स्त्रीशक्तीवर बोलत आणि माईक लवकर सोडत नसत.

एकदा ते बायकोला घेऊन आले. "न्हाणीघरात घसरली," मी विचारायच्या आत त्यांनी सांगून टाकलं. दुखणं एकाचं आणि उत्तर दुसऱ्याकडे तयार असलं, की मी सावध होते. पडणारा माणूस हात टेकतो, गुडघा फोडून घेतो. हिचे तळवे आणि गुडघे धड होते. वळ होते कोपराखाली, तोंड वाचवायला हात वर धरला की लागतं तिथे. काही जांभळे, काही पिवळे पडलेले. एका घसरण्यात एवढे रंग येत नाहीत.

"झोप लागते का?" मी तिला विचारलं.

"छान लागते," ते म्हणाले.

"तुम्ही जरा बाहेर बसता?"

"अहो मॅडम, मी नवरा आहे, परका थोडाच आहे!"

त्यांच्यासमोर विचारलं असतं तर त्याची शिक्षा तिला घरी मिळाली असती. मी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "साहेब, बीपी कधी तपासलंय? एवढ्या जबाबदाऱ्या तुमच्यावर."

ते लगेच गंभीर झाले. कंपाउंडरने त्यांना बाहेरच्या बाकावर आडवं केलं आणि बजावलं, "साहेब, अजिबात बोलायचं नाही हं. आकडा चुकतो."

दार लावून मी हळूच विचारलं, "घरी कुणी मारतं का? इथलं बाहेर जाणार नाही."

तिने आधी बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्यांना कळलं तर जीव घेतील."

"माझ्याकडून कळणार नाही. आणि यात तुमची काही चूक नाही."

वेळ आलीच तर कुठे जाल, तेही विचारलं. चेंबूरला बहीण होती. "पण आत्ता नाही," ती म्हणाली. मी आग्रह केला नाही. घरातला धोका तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

साहेबांचं बीपी अगदी नॉर्मल निघालं. ते जरा हिरमुसले.

निघताना ती पहिल्यांदाच त्यांच्यादेखत बोलली, "डॉक्टर, यांचं बीपी पुढच्या आठवड्यात परत बघायला हवं ना?"

"हवंच," मी म्हटलं. "तुम्हीही या बरोबर."