बेलबॉटम, बूट आणि आम्ही तिघं

जुन्या कपड्यांचं कपाट उघडलं की कपड्यांआधी किस्सेच अंगावर पडतात! आमचं तर आता नीट बंदही होत नाही.

नव्वदच्या दशकात नाशकात आम्हा तिघांना हा नाद लागला. मी, माझ्या ऑफिसमधली नलिनी आणि कॉलेजच्या लॅबमध्ये काम करणारा विश्वास. पैठण्या काय, सगळेच जपतात. आम्हाला हवे होते रोजचे कपडे. टेरिलीनचे शर्ट, सफारी, झिजलेल्या चपला. हे कोणी घातलं असेल? बाही नेमकी इथेच का विरली? असली उत्सुकता!

*

एकदा एसटी स्टँडवर विश्वासला कळवणचे एक आजोबा दिसले. पायात टायरच्या चपला. विश्वास हरखलाच!

"बाबा, या चपला देता का? मी जुन्या वस्तू जमवतो."

आजोबांनी आधी चपलांकडे पाहिलं, मग विश्वासकडे.

"जुन्या? आरं, गेल्या दिवाळीला घेतल्यात. त्यांना म्हातारं व्हायला लय टाईम हाय!"

*

नलिनीनं मोठ्या दिरांची बेलबॉटम मिळवली. खाली घेर असा, की त्यात मांजर झोपावं. धुऊन वाळत घातली आणि ऑफिसला आली. संध्याकाळी घरी जाते तर दोरी रिकामी!

सासूबाईंनी तिच्यासमोर दोन पिशव्या ठेवल्या. "एवढं चांगलं कापड पायात वाया घालवत होता मेला!"

नलिनी रडली नाही. पिशव्याच संग्रहात आल्या. खाली चिठ्ठी लावली, 'बेलबॉटम : उत्तरार्ध'.

*

देवळाली कॅम्पात एक निवृत्त सुभेदार राहायचे. खिळे मारलेले त्यांचे जुने बूट द्यायला तयार झाले, पण म्हणाले, "आधी घालून चालून दाखवा. बुटाला माणूस शोभला पाहिजे."

विश्वास व्हरांड्यात टाक् टाक् करत चालला. आतून काकूंचा आवाज आला, "आलात का? चहा टाकते हं!"

सुभेदार तर आमच्याशेजारी खुर्चीत बसलेले! त्यांनी एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पाहिलंत? मी घरात असतो तेव्हा मागून मागून चहा मिळतो."

बूट त्यांनी दिले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच घालून फिरायला लागले.

*

पुढे आम्ही एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. एका बाईंनी नवऱ्याचा लग्नातला कोट दिला होता. देताना डोळे भरून आले होते त्यांचे. मी चिठ्ठीवर नावाआधी 'कै.' लिहिलं.

उद्घाटनाला एक गोल गरगरीत गृहस्थ चिठ्ठीसमोर उभे. "अहो, मी गेलो कधी?"

बाई शेजारीच होत्या. "तुम्ही कुठे गेलात? या कोटात मावणारे गेले!"

*

त्याच प्रदर्शनात मालतीबाईंनी एकच सँडल दिली होती. उजव्या पायाची, निळी. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई.

"आणि डावी?" नलिनीनं विचारलं.

"पट्टा तुटला होता. एकाला शिवून आणायला दिली होती," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या केसांचे एक उंच गृहस्थ आले. सँडलसमोर बराच वेळ थांबले आणि निघून गेले. संध्याकाळी परत आले, तेव्हा हातात कागदी पिशवी होती. नेमक्या मालतीबाईही तिथेच होत्या.

त्यांनी पिशवीतून डावी सँडल काढली आणि उजवीशेजारी ठेवली. पट्टा तसाच, तुटलेला.

मालतीबाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. सँडलकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"इतकी वर्षं ठेवून घेतलीस. पट्टा तरी शिवायचास!"

"शिवला असता," ते म्हणाले, "तर परत द्यावी लागली असती."