आजच्या मापाचा ड्रेस

बारामतीत माझे ब्लाउज शिवणारी ती मुलगी बोलायच्या आधी हसते. वय बाविशीचं, अंगानं चांगली भरलेली. डॉक्टरांनी वजन कमी करायचं ऑपरेशन सुचवलं होतं. आई घाबरली होती, हिचं ठरत नव्हतं. बारीक झाल्यावर ड्रेस शिवायचा म्हणून तिनं पिवळं रेशमी कापड जपून ठेवलेलं. एक दिवस पाहते, तर त्यालाच कात्री लावलेली!

"अगं, ऑपरेशननंतर ढगळ होईल ना?"

"व्हय ताई, मग आत घीन की! पन आज बी मी हायच ना?"

पुढं ऑपरेशनला होकार द्यायला ती पुण्याला निघाली, तेव्हा तोच ड्रेस घालून एसटी स्टँडवर उभी होती. माझ्या हातात मोबाईल देत म्हणाली, "नुसता चेहरा नको ताई, पायापातुर पुरा फोटू काढा."